गुऱ्हाळाकडच्या पेट्या

४ डिसेंबर

आज औदुंबराचा मध आला तपासायला! गाणगापुरातल्या कुठल्याशा दुकानातली बाटली. वर दत्ताचं चित्र, खाली 'औदुंबराचा शुद्ध मध'. उंबराचं फूल कुणी बघितलंय? ज्याचं फूलच बाहेर न्हाई, त्याचा मध माशा कुठनं आणणार? श्रीशैल सर — लॅबचे मालक, कुणालाच वाईट म्हणायचं न्हाई ही त्यांची खोड — म्हणले, पोळं औदुंबराला लागलेलं असं म्हणायचं असंल त्यांना. असंल बापडं.

थेंब काचेवर घेतला, भिंगाखाली धरला. परागकण सगळे मोहरीचे. मधनंमधनं लिची. मोहरी आपल्याकडं फोडणीपुरती, तीही वाण्याकडची. लिचीचं झाड तर मी जन्मात बघितलं न्हाई. हा मध उत्तरेकडनं ड्रमात बसून आलेला हाय.

गंमत म्हणजे साखरेच्या सगळ्या तपासण्यांत पास. मध अगदी चोख. गाव तेवढं खोटं.

६ डिसेंबर

गावाला, हळ्ळीखेडला जाऊन आले. सकाळी विहारात वंदना. माय पांढऱ्या साडीत, अप्पा धुतलेल्या सदऱ्यात. दुपारी जेवताना औदुंबराच्या मधाचं सांगितलं. अप्पा ठसका लागेस्तोवर हसले. पाणी प्यायले, मग म्हणले, "पण पास झाला म्हणतीस?" म्हणलं, साखरेत पास, गावात नापास.

मायनं परत विचारलं, तू दिवसभर करतीस तरी काय. परत सांगितलं — मधात फुलांची धूळ येती, परागकण. ते कुठल्या फुलाचे हे ओळखलं की मध कुठल्या शिवारातला ते कळतं. साखर मिसळली का हे बेंगळूरची मोठी लॅब सांगती. माय म्हणली, म्हंजी सोयरीक करायच्या आधी गाव-गोत बघतात तसं. दहा वर्षं शिकून मला एवढं सोपं सांगता आलं न्हाई.

अप्पांना सध्या एकच विषय, गट. जगदेवी अक्कानं गावातले मधमाशांचे पेट्यावाले गोळा करून गट केलाय. पुण्याची एक कंपनी त्यांचा मध 'हळ्ळीखेडचा मध' म्हणून विकणार. अट एवढीच की प्रत्येकाची बरणी आमच्या लॅबमधनं पास व्हायची. बरणीवर नाव नसतं, नंबर असतो. कुठला नंबर कुणाचा ते अक्कालाच माहीत, म्हणून मी तपासलं तरी कुणाची हरकत न्हाई. गटातल्या सगळ्यांना पेटीत हात घालायला अप्पांनीच शिकवलंय, हे अप्पा मला दरवेळी सांगतात.

२० डिसेंबर

गटाच्या बरण्या आल्या. तुरीच्या फुलोऱ्याचा मध. रंग चांगला.

९ जानेवारी

एक बरणी नापास.

बाकीच्यांत तुरीचे कण खच्चून भरलेत. हिच्यात शोधून सापडायलेत. वर काळे बारीक ठिपके, काजळीगत. असलं मी आधी बघितलं न्हाई. बेंगळूरचा निकालही आला: उसाची साखर, भरपूर. म्हणजे कुणीतरी पाक करून ओतला. चुलीवर करताना काजळी पडली असंल. भेसळसुद्धा धड करता येईना लोकांना!

सही करून रिपोर्ट पाठवला. डबा खाल्ला. भेंडी होती.

११ जानेवारी

जगदेवी अक्काचा फोन. नापास बरणी अप्पांची.

१२ जानेवारी

लिहून काढते, म्हणजे डोस्क्यातनं जाईल.

आमच्या घरचं पाणी न पिणारी घरं हळ्ळीखेडात होती. आता कमी झालीत, का नुसती दिसेनाशी झालीत, कोण जाणे. पण त्याच घरांत बाळ जन्मलं की माणूस वाटी घेऊन आमच्या दारात उभा. बाळाला पहिलं बोट मधाचं चाटवायचं, आणि मध बळीरामाचाच, म्हणजे अप्पांचाच पाहिजे. पाण्याला विटाळ, मधाला न्हाई! कॉलेजात असताना ह्यावरनं मी अप्पांशी कडाकडा भांडले होते, कामून देता म्हणून. अप्पा म्हणले, "आपल्या घरातली एक तरी गोष्ट त्यांना खरी मानावी लागती न्हवं?"

तेवढंच कमावलंय त्यांनी. जमीन म्हणायला खळ्याएवढी. पेट्या कायम दुसऱ्याच्या बांधावर. पण त्यांच्या मधावर आजवर कुणी शंका घेतली न्हाई. आता घेतली, आणि ती मी घेतली.

अक्का म्हणली, पंचशीला, माझ्या हातात काही न्हाई गं, बैठकीत गटातनं नाव काढावं लागंल. गावात बोलणं सुरू झालंच हाय: बळीराम साखर घालायलाय, लेकीनंच धरलं.

अप्पांना फोन लावला, सरळ विचारलं. "म्या घातली न्हाई." मी म्हणलं, मशीन खोटं बोलत न्हाई अप्पा. ते म्हणले, मशीन खोटं बोलतंय असं मी कुठं म्हणलो. मग फोन ठेवला. कुणी आधी ठेवला आठवत न्हाई.

सरांनाही सांगून टाकलं. त्यांनी विचारलं, सही केलीस तेव्हा माहीत होतं का? न्हाई म्हणलं. मग ठीक हाय म्हणले, आणि चहा मागवला.

१३ जानेवारी

काजळी. चुलीवर पाक केला तर काजळी भांड्याला बाहेरनं लागती. आत एवढी कशी?

१५ जानेवारी

मायला विचारलं, यंदा पेट्या कुठं ठेवल्यात. म्हणली, नेहमीच्या बांधावर प्लॉट पडले, म्हणून रेवणसिद्धप्पाच्या गुऱ्हाळामागं. सावली हाय, पाणी हाय, आणि माणूस नको म्हणत न्हाई.

गुऱ्हाळ!

१८ जानेवारी

पहिल्या बसनं हळ्ळीखेड. घरी न जाता गुऱ्हाळावर. भट्टी पेटलेली, कढईत रस उकळायलेला, वरची मळी झाऱ्यानं काढून बाहेर खड्ड्यात टाकायलेत. आणि त्या मळीवर माशा! खड्डा दिसत नव्हता इतक्या. रसाच्या हौदाच्या काठावर माशा, चरकाखाली माशा. धुराड्यातनं काजळी उडून सगळ्यावर बसायलेली. रेवणसिद्धप्पा म्हणले, यंदा पाव्हण्यांच्या आधी रस माशाच प्यायलेत. त्यांना वाटलं मी गूळ न्यायला आले.

तुरीचं शिवार लांब, रस दाराशी. फुकटचं गोड जवळ असल्यावर शेतात कोण जातंय? माणूस जात न्हाई, माशी कामून जाईल?

अप्पा पेट्यांपाशी उभे होते, माझ्याकडं न बघता. मी मळीत बोट बुडवून काचेवर घेतलं, बरोबर आणलेल्या छोट्या भिंगातनं बघितलं. तेच काळे ठिपके. अप्पांना बघायला दिलं. त्यांना काय दिसलं कुणास ठाऊक. म्हणले, "म्हंजी माशांनी घातली."

मला रडू आलं. एवढी मोठी बाई, भर गुऱ्हाळात. भट्टीचा धूर होता म्हणून निभावलं.

१९ जानेवारी

सरांना दोन्ही काचा दाखवल्या, मधाची आणि मळीची. सर म्हणले, तुझा बाप खरा, मध नापासच. मध फुलातनं यायला पाहिजे, कढईतनं न्हाई. बरोबर हाय. दुसऱ्याचा बाप असता तर मीही हेच म्हणलं असतं. त्यांनीच सुचवलं, पेट्या तिथनं काढा, करडई फुलायलीय, तिचा मध आणा, परत तपासू. बैठकीत तसं सांग.

२६ जानेवारी

झेंडा झाल्यावर शाळेच्या ओट्यावर गटाची बैठक. गटाबाहेरचेही बरेच. मी गुऱ्हाळाचं सगळं सांगितलं, मोबाइलवर मळीवरच्या माशा दाखवल्या. रेवणसिद्धप्पांनी मान डोलावली. अक्का मऊ झाली. तेवढ्यात मागनं कुणीतरी, "लेक बापाचंच म्हणणार की."

माझं डोस्कं फिरलं. मी कधी चार माणसांत बोलत न्हाई. उभी राहिले आणि म्हणलं, "माझ्या अप्पांनी चमचाभर साखर घातली न्हाई. मार्चात त्यांचा करडईचा मध येईल. त्यात खोट निघाली तर त्यांचं नाव काढा, आणि माझ्या सहीवरही विश्वास ठेवू नका."

अक्का म्हणली, ठरलं तर मग. अप्पा मान खाली घालून बसलेले. लाज वाटली का अभिमान, त्यांच्या तोंडावरनं मला कधीच ओळखता येत न्हाई. भिंगाखालचं तेवढं ओळखते.

घरी जाताना त्यांना मोबाइलवर करडईच्या परागकणाचा फोटो दाखवला. धोतऱ्याच्या बोंडागत काटेरी, पिवळाधमक. म्हणलं, हा दिसला की तुम्ही सुटलात. त्यांनी मोबाइल दोन्ही हातांत धरून लई वेळ बघितला.

पेट्या कुठं हलवायच्या, हा प्रश्न. अप्पा म्हणले, लांब न्यायला पाहिजे, जवळ नेल्या तर माशा फिरून जुन्या जागी येतात. पण लांब देणार कोण? ज्यांना विचारलं त्यांनी काही ना काही सांगून टाळलं. नाव बद्दू झालेल्या माणसाला बांध मिळत न्हाई. रेवणसिद्धप्पाचीच करडई हाय ओढ्यापलीकडं, तिथं चालंल म्हणले ते. अप्पांचं मन होईना. मी म्हणलं, काही होत न्हाई, मधी ओढा हाय, आणि एवढी करडई फुलल्यावर मळीकडं कोण फिरकतंय. ह्याच आठवड्यात हलवा.

२ फेब्रुवारी

अप्पांचा फोन. पेट्या हलवल्या.

१५ फेब्रुवारी

फोन केला. माशा कशा हायत? "हायत की." करडई? "फुललीय. पिवळं हाय सगळं." आवाज बसलेला. थंडी म्हणले. थंडी कुठली आता, इथं कलबुर्गीत पंखा लावायलेय. औषध घ्या म्हणलं.

२३ फेब्रुवारी

लातूरकडच्या एका बाटलीत सूर्यफूल, निलगिरी, थोडी बोर. लेबलावर लिहिलंय तसंच. अशी माणसंही असतात.

१ मार्च

मायचा फोन. "बाई, तुला एक सांगायचं होतं," म्हणली, आणि मधीच अप्पांनी फोन घेतला. म्हणले, काही न्हाई, तिचं गुडघ्याचं. मलम पाठवते म्हणलं.

८ मार्च

गटाच्या बरण्या आल्या. परत नंबरच. एक भाग बेंगळूरला पाठवला. सरांनी विचारलं, ह्या वेळी काचा मी बघू का? म्हणलं, तुम्ही बघितलं तर गाव म्हणणार लेक मागं लपली, मी बघितलं तर म्हणणार बापाला वाचवलं. मी बघते, तुम्ही परत बघा. हसले. तुझं डोस्कं वकिलाचं हाय म्हणले.

१८ मार्च

बेंगळूरचा निकाल आला. उसाची साखर — एकाही बरणीत न्हाई. एकाही!

संध्याकाळी पेढे घेतले. काचा उद्या बघायच्यात, पण त्यात आता काय राहिलंय. करडईच दिसणार. उद्या सरांना पेढा देते, मग अप्पांना फोन.

१९ मार्च

पेढे तसेच हायत.

पहिल्या बरण्या सरळ निघाल्या. करडई, थोडी ज्वारी, थोडं बोर. काटेरी कण सगळीकडं सारखे विखुरलेले, मधात असतात तसे. मग एक बरणी: मोहरी. लिची. परत मोहरी. वाटलं काच धुतली न्हाई नीट, आधीचं काही राहिलंय. नवी काच घेतली. मोहरी. लिची. डिसेंबरात बघितलेली तीच जोडी, औदुंबराच्या बाटलीतली.

त्यात करडईही होती. पण गठ्ठ्यानं. इथं ढीग, तिथं ढीग, मधी एक कण न्हाई. ढिगाजवळ पाकळीचे लाल-पिवळे तुकडे. माशी पाकळी आणत न्हाई. कुणीतरी फूल हातानं चुरगाळून, झटकून, वरनं ढवळलंय.

नंबर कुणाचा हे कुणाला विचारायची गरज न्हाई. ती बाटली साखरेत पास होती हे जेवता जेवता कुणी सांगितलं? मी. काटेरी कण मोबाइलवर कुणी दाखवला? मी. हा दिसला की सुटलात, असंही मीच म्हणलं.

सरांनी काच बघितली. लई वेळ डोळा काढला न्हाई.

२० मार्च

खरा होता तेव्हा नापास. खोटा आला तर साखरेत पास.

काल झोपताना डोस्क्यात एकच: म्हणजे आधीचं काय? त्या सगळ्या वाट्या, ती सगळी बाळं? कशाला शिकवलं मला, खरं तेच बोलायचं म्हणून? बाप म्हणून पाया पडले, बापासाठी शाळेच्या ओट्यावर उभी राहिले, आणि हा माणूस गाणगापुरास्तोवर जाऊन ड्रमातला मध आणतोय! राग आलाय. लई आलाय. कुणाला सांगावं तर सांगण्यासारखंही न्हाई.

सर म्हणले, सही मी करतो, तुझं नाव नको. न्हाई म्हणलं. पहिल्या नापासावर माझी सही हाय, ह्याच्यावरही माझीच होऊ द्या. लिहिलं: साखर नाही. उगम हळ्ळीखेड नाही. करडईचे परागकण बाहेरून मिसळलेले. सही केली. अक्काला पाठवला.

पेढे वॉचमनला देऊन टाकले. काय आनंदाची बातमी म्हणला. म्हणलं, साखर निघाली न्हाई.

२२ मार्च

भांडायला म्हणूनच गेले. अप्पा घरी नव्हते. तशीच ओढ्यापलीकडं गेले, पेट्या उघडल्या. एकीतही माशी न्हाई. पोळ्याच्या फण्यांवर किड्यांची जाळी धरलेली, कधीची.

माय मागनं आली. म्हणली, हलवल्या त्याच आठवड्यात माशा फिरून गुऱ्हाळाकडं गेल्या. पेट्या जाग्यावर न्हाईत म्हणल्यावर तिथंच घिरट्या घालून घालून कढईत पडल्या. उरल्या त्या एक दिवस उठून गेल्या. अप्पा रोज जाऊन झाऱ्यानं मेलेल्या माशा काढत बसायचे. "तुला सांगू दिलं न्हाई त्यांनी. लेकीनं हलवा म्हणलं, तिच्या जिवाला लागंल म्हणले. वर तू गावासमोर शबुद देऊन बसलीस. तो खाली पडू नये म्हणून एवढं केलं. जन्मात पहिल्यांदा."

अप्पा आले. उघड्या पेट्या बघितल्या, मला बघितलं. त्यांनीच विचारलं, रिपोर्ट काय आला.

म्हणलं, नापास. सही माझी हाय.

ते पेटीवर बसले. म्हणले, "बरं झालं. घरातलं एक तरी खरं राह्यलं."